कुत्रं पाहुण्याच्या पायावर चढतं, तुम्ही काय करता?

मोहफूल
तान्हा पोळा झाला, गल्लीत कुत्र्यांचे घोळके दिसले अन् हा जुना चाळा आठवला. पाहुणा खाटेवर टेकला की पायाला मिठी! भादव्यात कुत्र्या माजावर येतात, वास दुरून लागतो, म्हणून आता जास्त. पण दरवेळी माजच असतो असं नाही. दीड महिन्याची पिल्लंही खेळात चढतात, माद्यासुद्धा. उपाय लिहा जी.

धुऱ्यावरची बोर
ओरडू नका, हसूही नका. दोन्हीनं त्याला खेळच वाटते. आधी धाप, मग पायाभोवती घिरट्या, गुडघा चाटणं, मग पंजा. पंजा टेकायच्या आत हाक मारा, 'बस' म्हणा. बसलं की उकडलेल्या अंड्याचा हरभऱ्याएवढा तुकडा. चढल्यावर उतरवून तुकडा दिला तर फसलात, मग ते तुकड्यासाठीच चढते.

पराटी
पाहुणे यायच्या आधी पट्ट्याला ४-५ फुटांची दोरी लोंबती ठेवा. चढलं की दोरी धरून मुकाट्यानं दुसऱ्या खोलीत, १-२ मिनिटं. जास्त नाई, काऊन कोंडलं तेच विसरते. एकटं असताना दोरी काढा, खाटेच्या पायात अडकते.

चुलीवरचा चहा
जावई आले तर दोरी कोणाच्या गळ्यात, हाहा

खारोडी
अन् पाहुण्यानं पाय झाडू नये. तेवढंच सांगा त्याले.

गोठा
एकाएकी सुरू झालं, वरून सारखं चाटणं, थेंबथेंब लघवी? मग शिकवणं बाजूला ठेवा, लघवीच्या जागी संसर्ग असू शकते. रक्ताळ थेंब दिसले तर गाठ असू शकते, ती भटक्यांच्या संगातून लागते. त्या गाठीवर व्हिन्क्रिस्टीन या कर्करोगाच्या औषधाचं इंजेक्शन आठवड्याला एक, साधारण ४ ते ६. बहुतेक कुत्री बरी होतात. इंद्रिय बाहेर राहून आत जात नसेल तर थंड पाण्यानं ओलं ठेवा अन् लगेच दवाखाना गाठा, सकाळची वाट पाहू नका.

चुलीवरचा चहा
खच्ची केलं की मिटलं ना?

निंबोणी
अर्धंच. सवय मुरली असेल तर उरते. फरक पडायला दीड-दोन महिने, अन् पहिला महिनाभर मादीजवळ सोडू नका, पिल्लं होऊ शकतात. बैलाला लावतात तो चिमटा कुत्र्याला लावू देऊ नका बाप्पा, याचं ऑपरेशनच करा. १० ते १४ दिवस टाके चाटू द्यायचे नाहीत. गळ्यातला कोन मिळाला नाही तर बादलीचं बूड कापा, कडेला जुनं कापड शिवा, नाहीतर मान सोलते.

पराटी
ताई, बादली फवारणीची घेऊ नका फक्त. कितीही धुतली तरी वास जात नाई.

खारोडी
हो, अन् फवारलेल्या वावरात कुत्रं नेऊ नका. पाय चाटते ते. आमच्याकडं तुरीवर आता सुरूच आहे, तुमच्याकडं पाऊस उघडला का?