मदत हवी आहे: जुनी पेट्रोल गाडी आयडलला (रेस न देता इंजिन चालू असताना) थरथरते

मंडळी, 2005 ची चार सिलिंडरची पेट्रोल गाडी आहे. कोल्हापुरात कावळा नाक्याच्या सिग्नलला उभी राहिली की स्टिअरिंगसकट थरथरते, सायलेन्सरचा आवाज मध्येच तुटतो. रेस दिली की एकदम गुळगुळीत. पन्हाळ्याचा चढही बिनतक्रार चढते. स्कॅनरवर पी0303 हा एरर कोड, म्हणजे तिसऱ्या सिलिंडरचा मिसफायर (त्यात पेट्रोल नीट पेटत नाही). ठिणगी पाडणारे कॉइल आणि प्लग दुसऱ्याशी अदलाबदल करून बघितले, कोड तिथंच. तिसऱ्याचा प्लग मात्र पांढराफटक निघाला, बाकीचे तपकिरी, म्हणजे तिसऱ्यात हवा जास्त, पेट्रोल कमी. मला तरी मॅनिफोल्डच्या (इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांच्या) गॅस्केटमधून हवा ओढतेय किंवा पेट्रोल फवारणारा इंजेक्टर तुंबलाय असं वाटतं. उद्यमनगरातले मेकॅनिक थेट हेड (इंजिनाचा वरचा भाग) खोलूया म्हणतात (खर्च ऐकूनच घाम फुटला). त्याआधी कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) बघू, की मॅनिफोल्डभोवती कार्ब क्लीनर मारून आयडल बदलतो का ते? आणि इंजेक्टर मशीनवर तपासून साफ करणारं कोल्हापुरात खात्रीचं कुणी आहे का?