मदत हवी आहे: पणजोबा लाइट हॉर्समध्ये स्वार होते, रेकॉर्ड कुठे मिळेल?

गिरगावकर_८२
नमस्कार मंडळी. पणजोबा लाइट हॉर्समध्ये (इंग्रजांच्या काळातलं हौशी घोडदळ) स्वार होते. घरात त्यांचं पदक आहे आणि घोड्याचा लगाम धरून उभे असलेला एक फोटो आहे. पुढच्या रविवारी कुलसंमेलन, स्मरणिकेत त्यांच्यावर एक पान द्यायचंय आणि छापखानेवाला रोज फोन करतोय. नोकरीचं रेकॉर्ड कुठे मिळेल ते नेमकं सांगा. 'गूगल करा' म्हणू नका, करून झालंय.

खोगीर
कुठली लाइट हॉर्स? कलकत्ता, बॉम्बे, बिहार, आसाम व्हॅली, सूरमा व्हॅली... साल कुठलं? पदकावर काय लिहिलंय? फोटोत गणवेश आहे का?

मुरगावकर
लाइट हॉर्स म्हटलं की आमचं मुरगाव बंदर! ९ मार्च १९४३ ची रात्र. 'एरेनफेल्स' हे जर्मन जहाज तटस्थ पोर्तुगीज बंदरात अडकून पडलेलं आणि तिथून पाणबुड्यांना बिनतारी संदेश जायचे. कलकत्ता लाइट हॉर्सचे पोट सुटलेले चाळिशीपलीकडचे साहेब, एरवी कचेऱ्या सांभाळणारे, 'फीबी' नावाच्या गाळ वाहायच्या बार्जवरून आले आणि चारही जहाजं बुडवून गेले. घोडदळ, पण घोडा एकही नाही! तुमचे पणजोबा त्यात होते का? असतील तर गोव्याला या, जागा दाखवतो.

खोगीर
मुरगावकर, चारही नाही. चढाई झाली ती फक्त 'एरेनफेल्स'वर. 'ड्राखेनफेल्स', 'ब्राउनफेल्स' आणि इटालियन 'अँफोरा' त्यांच्याच खलाशांनी बुडवली, शत्रूच्या हाती लागू नयेत म्हणून.

मुरगावकर
बुडाली ना? आणि कोणामुळे बुडाली? तेच म्हणतोय मी.

नाना_मोडीवाले
साहेबांचं कौतुक पुरे. घरची शेती बघून मोहिमेपुरतं स्वार होणं आपल्याकडे शिवकाळापासून आहे. शिलेदार स्वतःचा घोडा, स्वतःची हत्यारं घेऊन यायचा, बारगीराला घोडा सरकारचा. पावसाळ्यात घरी, दसऱ्याला सीमोल्लंघन. इंग्रजांनी ती पद्धत उचलली आणि नाव ठेवलं 'सिलादार कॅव्हलरी'.

खोगीर
नाना, सिलादार रिसाले पूर्णवेळ पगारी सैन्य होते, पहिल्या महायुद्धानंतर ती पद्धतच बंद झाली. लाइट हॉर्स वेगळी. आठवडाभर ताग, चहा, बँक, दलाली आणि सवडीनं कवायत. बिहारची १८६२ ची, 'सुभा बिहार माउंटेड रायफल्स' नावानं सुरू झालेली, निळीच्या मळेवाल्यांची. कलकत्त्याची १८७२ ची. १९२० च्या कायद्यानं हे सगळे 'ऑक्झिलरी फोर्स' या सहायक दलात आले आणि १९४७ ला बरखास्त झाले. म्हणून कुठलंही कार्यालय 'अशी रेजिमेंट नाही' म्हणणार.
धागाकर्ते, पदकाचं सांगताय ना?

गिरगावकर_८२
चर्चा छान आहे, पण माझं पान रिकामंच आहे. मुंबईचं, गिरगावचं कुटुंब आहे, आयडीवरून कळायला हवं होतं. पदक लंबगोल, हिरवी फीत, कडेला पिवळे पट्टे, वर 'इंडिया' लिहिलेली पट्टी. काळं पडलंय.

अन्नपूर्णा_ठाणे
काळ्या पडलेल्या पदकाला चिंच आणि मीठ लावून दहा मिनिटं ठेवा. आमची देवाची भांडी लख्ख होतात. फोटो टाकते.

खोगीर
कृपा करून काहीही घासू नका!! ही देवाची समई नाही, ते चांदीचं 'एफिशियन्सी मेडल' आहे. १९३० पासून दिलं जायचं, बारा वर्षांच्या सेवेबद्दल. फीत बाजूला करा आणि भिंगातून पदकाची कड बघा. कडेवर हुद्दा, नाव आणि तुकडी ठोकलेली असते.

नाना_मोडीवाले
बारा वर्षं! आमचा शिलेदार उभं आयुष्य काढायचा, त्याला कुणी फीत दिली?

गिरगावकर_८२
कड बघितली. 'ट्रूपर', मग एका गोऱ्या साहेबाचं नाव, मग 'बॉम्बे एल. एच., ए. एफ. आय.'. पणजोबांचं नाव नाही. हे कसं काय? आत्या तर म्हणते त्यांनाच मिळालं होतं.

खोगीर
हीच शंका होती. 'ए. एफ. आय.' म्हणजे ऑक्झिलरी फोर्स, इंडिया. त्यात भरती युरोपीय ब्रिटिश प्रजाजन आणि अँग्लो-इंडियन यांचीच. भारतीयांसाठी १९२० सालीच वेगळा 'इंडियन टेरिटोरियल फोर्स' काढला. म्हणजे बॉम्बे लाइट हॉर्समध्ये मराठी ट्रूपर, म्हणजे साधा स्वार, असणं जवळपास अशक्य. पण घोड्यांमागे माणसं आपलीच असायची, मोतद्दार (घोड्यांची निगा राखणारे), नालबंद. फोटोत पणजोबांच्या पायात काय आहे? खांद्यावर अक्षरं आहेत?

गिरगावकर_८२
अनवाणी. डोक्याला पागोटं, अंगात साधा सदरा. घोडा मात्र प्रचंड उंच.

खोगीर
उंच असेल तर वेलर असू शकतो, ऑस्ट्रेलियातून जहाजानं यायचे ते. आणि पोशाख मोतद्दाराचा वाटतो. साहेबानं जाताना पदक त्यांच्याकडे ठेवलं असेल, हा माझा अंदाज.

मुरगावकर
किंवा चोर बाजारातून घेतलं असेल. तिथे पदकं मिळतात.

अन्नपूर्णा_ठाणे
अहो, कुणाच्या पणजोबांबद्दल असं बोलतात का? मोतद्दार असले तर काय कमीपणा आहे? अवांतर: भांड्यांचा फोटो टाकलाय, बघा.

गिरगावकर_८२
आत्याला हे कोण सांगणार? तिनं स्मरणिकेसाठी 'आमचे घोडेस्वार आजोबा' अशी कविता लिहून ठेवलीय. असो. मग आता नेमकं काय शोधू?

खोगीर
पणजोबांचं नाव थेट सापडणं कठीण, पण साहेब सापडेल. लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसची कागदपत्रं आहेत. दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराचं 'अभिलेख पटल' घरबसल्या चाळता येतं. साहेब कुठल्या कंपनीत होता ते कळलं तर त्या पत्त्यावरून मुंबईतली पागा, बंगला, काहीतरी हाती लागेल. रविवारपर्यंत होणार नाही. कडेवरची अक्षरं जशीच्या तशी व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा आणि फोटोची मागची बाजूही पाठवा, स्टुडिओचा शिक्का असतो कधी कधी. पानावर तूर्त फोटो छापा, खाली 'बॉम्बे लाइट हॉर्सशी संबंधित, सुमारे १९३०-४७' एवढंच.

नाना_मोडीवाले
आणि पागोट्याचा क्लोजअप टाका. बांधणीवरून गाव सांगतो.