घरात ससे मोकळे असावेत की पिंजऱ्यात?

मधुमालती, पुणे

आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॅप गटावर परवा एकांनी फोटो टाकला. बाल्कनीत कपड्यांच्या दोरीखाली जाळीचा पिंजरा, आत पांढरा ससा, आणि खाली 'मुलीची हौस फिटली, हवा असल्यास पिंजऱ्यासकट घेऊन जाणे.' त्यावर आलेल्या सगळ्यांचं म्हणणं एकच: मोकळा सोडला की पायात येतो, वायरी कुरतडतो, म्हणून कोंडावाच लागतो. मला हे अजिबात पटत नाही. का पटत नाही ते सविस्तर लिहिते. विरुद्ध मत असेल तर जरूर मांडा.

कुत्र्यामांजरांच्या पंजाखाली गादी असते, सशाला ती नसते, नुसते केस असतात. जाळीवर बसून बसून ते झिजतात, टाचा सोलवटतात आणि जखमा चिघळतात. सशाचं आतडं गवतावर आणि हालचालीवर चालतं. एका जागी बसून गोळीखाद्यावर वाढलेला ससा सुस्तावतो, आणि एक दिवस खायचाच थांबतो. त्याला उलटी करता येत नाही. आतडं थांबलं की पोटात वायू धरतो, आणि अर्धा दिवस काही खाल्लं नाही तरी जिवावर बेततं. कायद्याचं म्हणाल, तर प्राण्यांना क्रूरपणे वागवण्याविरुद्धचा १९६० चा कायदा आहे. जनावराला नीट हलता येणार नाही एवढ्या लहान पिंजऱ्यात ठेवणं ही त्याच्या कलम ११ प्रमाणे क्रूरताच आहे. 'सशाचा पिंजरा' म्हणून जे विकतात त्यात मोठा ससा मागच्या पायांवर ताठ उभासुद्धा राहू शकत नाही.

आमच्याकडे चिकू आणि बर्फी, नर-मादी, दोघांची नसबंदी झालेली. दोघे घरभर असतात. गच्चीवर माती कालवायचं असतं तसलं प्लास्टिकचं घमेलं कोपऱ्यात ठेवलंय, खाली वर्तमानपत्र आणि वर वाळलं गवत. ससा खाता खाताच लेंड्या टाकतो, त्यामुळे गवत तिथे ठेवलं की नव्वद टक्के काम आपोआप होतं. उरलेल्या लेंड्या कोरड्या असतात, सुपलीने भरता येतात. वायरी सगळ्या नळीत घातल्या. गुळगुळीत फरशीवर त्यांचे पाय घसरतात, म्हणून ठरावीक वाटांवर सतरंज्या अंथरल्यात.

खरा बदल करावा लागला तो आमच्या चालण्यात. आमच्या घरात कोणी न बघता मागे पाऊल टाकत नाही. ओट्यापाशी वळायचं झालं तर आधी मान खाली जाते. अंधारात पाऊल उचलायचं नाही, जमिनीवरून सरकवायचं. पायाच्या बोटांना आधी मऊ काहीतरी लागतं, मग आपण थांबतो, आणि ते मऊ काहीतरी सावकाश उठून दुसरीकडे जातं. तळण चालू असेल तर स्वयंपाकघराचं दार बंद. चाकांची खुर्ची घरातून काढून टाकली. पाहुणे आले की चपला काढायच्या आत त्यांना सांगतो. हे सगळं अंगवळणी पडतं. ज्याला हे करायचं नाही त्याने ससा आणूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

कल्याणची_वहिनी

पूर्ण असहमत.

तुमच्या घरात बहुधा सगळी धडधाकट माणसं आहेत. आमच्याकडे वन बीएचके, माणसं सहा. धाकट्या दिरांनी मुलांसाठी ससा आणला, त्याचं नाव कापूस. सासऱ्यांना पार्किन्सन आहे. पाय सरकवत चाला म्हणता ना? ते दुसरं काही करूच शकत नाहीत, त्यांचे पाय सरकतातच. त्यांना जमत नाही ते थांबणं. पायाला काही लागलं की शरीर पुढे जातं, पाय मागे राहतो. पहाटे ते मोरीकडे जायला उठतात, आणि ससा नेमका त्याच वेळी सगळ्यात जागा असतो. पावलांचा आवाज आला म्हणजे गवत आलं, एवढं त्याला कळतं, तो धावत पायाशी येतो. पॅसेजमध्ये झिरोचा दिवा असतो. करड्या ठिपक्यांच्या मोझाइक फरशीवर करडा ससा पसरलेला मला चष्मा लावूनही दिसत नाही, त्यांना मोतीबिंदू असताना कसा दिसणार?

म्हातारं माणूस पडलं की खुब्याचं हाड जातं, आणि खुबा गेला की पुढे काय होतं ते आपण आपापल्या घरांत पाहिलेलं आहे. म्हणून मी कापूसला रात्री पिंजऱ्यात ठेवते. पिंजरा मोठा आहे, तळाला जाळी नाही, खाली फळी आणि गोणपाट आहे. दुपारी सासरे झोपले की मी पॅसेजमध्ये त्याच्यापाशी बसते, तेव्हा तो मोकळा असतो. याला कोणी क्रूरता म्हटलं तर मला राग येईल. खरं तर आत्ता आलाच आहे.

रानवाटा

मला दोन्ही बाजू पटत नाहीत. ससा हा फ्लॅटमध्ये ठेवायचा प्राणीच नाही. जत्रेत, बाजारात पिल्लं टोपलीत घालून विकतात, पोरं हट्ट करतात, आणि चार महिन्यांत बाल्कनीत रवानगी होते. त्यापेक्षा टेकडीवर सोडून द्या, निदान मोकळं आयुष्य जगेल.

जनावरांचा_डॉक्टर, नगर

रानवाटा, कृपा करून हे कोणाला सुचवू नका. आपल्या माळावर आणि टेकडीवर दिसतो तो ससा वेगळा प्राणी आहे. तो बीळ करत नाही. त्याची पिल्लं जन्मतःच केसाळ आणि उघड्या डोळ्यांची असतात. पाळीव ससा मूळचा स्पेन-पोर्तुगालकडचा, बिळात राहणारा, त्याची पिल्लं आंधळी आणि उघडी जन्मतात. पिढ्यान्‌पिढ्या माणसाच्या हातचं खाल्लेला पांढराशुभ्र ससा टेकडीवर सोडला, तर पहिल्या रात्री कुत्री त्याला फाडतात. उलट दिशेनेही सांगतो: रानातला ससा उचलून घरी आणणं हा १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली गुन्हा आहे.

आता मूळ मुद्दा. मधुमालतीताईंचं आतड्याचं आणि टाचांचं म्हणणं शंभर टक्के बरोबर आहे. पण 'अंगवळणी पडतं' हे मला एवढं सोपं वाटत नाही. सशाचा सांगाडा त्याच्या वजनाच्या सात-आठ टक्के असतो, मांजराचा बारा-तेरा. म्हणजे मागच्या पायांत प्रचंड ताकद आणि हाडं ठिसूळ. घाबरून त्याने जोरात लाथ झाडली तर स्वतःचाच मणका मोडून घेतो. माझ्याकडे मोडलेले ससे येतात ते मुलांच्या हातून पडलेले, दारात चेमटलेले किंवा पायाखाली आलेले. त्याला जवळजवळ चहूकडचं दिसतं, फक्त नाकासमोरचं दिसत नाही. भीती वाटली की पळण्याआधी तो बऱ्याचदा जागीच थिजतो. पाय येतोय हे दिसूनही तो बाजूला होईल, या भरवशावर राहू नका.

आणि नर पायाभोवती गोल फिरतो, बारीक गुणगुणतो, याला लोक माया समजतात. वयात आलेल्या नराचं ते प्रणयाराधन असतं. पायात येण्याच्या निम्म्या तक्रारी नसबंदी न केल्याच्या असतात. शस्त्रक्रियेनंतर काही आठवड्यांत ते बरंच उतरतं. मादीची करायला तर आणखी मोठं कारण आहे: न केलेल्या माद्यांना चार वर्षांपुढे गर्भाशयाचा कर्करोग फार होतो. मात्र सशांना भूल देण्याचा सराव असलेल्या डॉक्टरांकडेच जा. आणि शस्त्रक्रियेआधी सशाला उपाशी ठेवायचं नसतं, हे त्यांना माहीत आहे ना, ते विचारा.

दक्षिणायन, ब्रिस्बेन

सोडून देण्याच्या मुद्द्याला जोडून. मी क्वीन्सलंडमध्ये राहतो. इथे ससा पाळायला बंदी आहे. जादूचे प्रयोग करणारे किंवा संशोधन संस्था यांना परवाना मिळू शकतो, घरात हौसेने पाळायला नाही. १८५९ साली व्हिक्टोरियात एका जमीनदाराने शिकारीसाठी चोवीस ससे मागवून सोडले, त्याची किंमत हा देश अजून मोजतोय. माझ्या मुलीला ससा हवा होता, तिला हा सगळा इतिहास सांगावा लागला. तिथे महाराष्ट्रात सशांनी रान व्यापलं नाही म्हणून सोडणं निर्धोक ठरत नाही. तिथे फक्त ससा मरतो, एवढाच फरक.

ऑरेंजसिटी

पिंजऱ्याविरुद्ध माझं मत, कारण नागपूरचा मे महिना. सशाला घाम येत नाही, अंगातली उष्णता मुख्यतः कानांवाटे जाते. तिशी ओलांडली की त्याचे हाल सुरू होतात, आणि इथे पारा पंचेचाळीसला जातो. आमचा ससा दुपारी स्वतः जागा शोधतो: आधी कूलरच्या वाऱ्यात, मग माठाखालच्या ओल्या फरशीवर, संध्याकाळी देवघरापाशी. कोंडलेल्या सशाला ही निवडच नसते, आणि बाल्कनीतला पिंजरा म्हणजे तर भट्टी. पायात येतो म्हणाल तर येतोच. वहिनी, त्याच्या गळ्यात घुंगरू बांधा ना, सासऱ्यांना आवाज येईल.

जनावरांचा_डॉक्टर, नगर

घुंगरू नको. पट्टा जबड्यात किंवा पुढच्या पायात अडकतो आणि सुटायच्या धडपडीत ससा स्वतःला इजा करून घेतो. शिवाय तो शिकार होणारा प्राणी आहे, सतत कानाशी आवाज वाजत राहिला तर त्याला चैन पडणार नाही. आणि खरं सांगायचं तर ससा थिजला की घुंगरूही थिजतं. नेमकं तेव्हाच ते वाजायला हवं असतं.

मधुमालती, पुणे

वहिनी, तुमचं लिहिणं दोनदा वाचलं. तुमच्या पिंजऱ्याला मी क्रूरता म्हणणार नाही. फळी, गोणपाट, दुपारचा मोकळा वेळ, हे त्या बाल्कनीतल्या पिंजऱ्याच्या रांगेत बसत नाही.

पण एका गोष्टीवर मी ठाम आहे. ज्या घरातलं माणूस चाल बदलू शकत नाही, ते घर सशाचं नाही. 'आमच्याकडे अडचण आहे, म्हणून त्याने आत राहावं' यात अडचण आपली आणि शिक्षा त्याला. पहाट आणि संध्याकाळ हा त्याच्या अंगातल्या उत्साहाचा वेळ असतो. तेव्हा तो घरभर सुसाट पळतो, हवेत उडी मारून अर्धा वळतो. बर्फी हे रोज करते, दिवाणाखालून सुटते ती थेट दारापर्यंत, आणि तिथे वळताना मागचे पाय एकीकडे, तोंड दुसरीकडे. तुमच्या कापूसला नेमक्या याच वेळी दार बंद मिळतं. दुपारी तर ससे झोपतात. दुपारची मोकळीक ही तुमच्या सोयीची आहे, त्याच्या नाही.

कल्याणची_वहिनी

दुपारी तो बहुतेक वेळ माझ्या मांडीला टेकून पडलेला असतो, हे खरं आहे. पळत नाही फारसा.

पण तुमचा निष्कर्ष मला मान्य नाही. 'ते घर सशाचं नाही' हे आणायच्या आधी सांगायचं वाक्य झालं. कापूस आलेला आहे. ससा आठ-दहा वर्षं जगतो असं डॉक्टर सांगतात, मग उरलेली वर्षं त्याने कुठे काढायची? आमच्या गल्लीत विचारलं तर एक जण कापायला मागत होता आणि एक जण शाळेच्या स्नेहसंमेलनात ठेवायला. तुम्ही घ्याल का?

आणि कल्याण-डोंबिवलीत निम्म्या घरांत म्हातारं माणूस आहे, रांगणारं मूल आहे. तुमच्या नियमाने बघितलं तर ससा फक्त पैसेवाल्या, मोठ्या, तरुण घरांत राहणार.

मधुमालती, पुणे

हो, बहुतेक तसंच व्हायला हवं. कटू वाटेल, पण सशाच्या बाजूने पाहिलं तर मला दुसरं उत्तर दिसत नाही. आणि पैशापेक्षा जमिनीवर किती पावलं पडतात याचा तो प्रश्न आहे.

मी घेऊ शकेन का, तर लगेच हो म्हणणार नाही. जुळलेल्या जोडीत तिसरा आणला तर रक्त निघेपर्यंत भांडतात. दोघांपैकी कोणाच्याच मालकीची नसलेली जागा लागते, रोज थोडा थोडा वेळ, आणि कित्येक आठवडे जातात. तरी नर आहे की मादी, नसबंदी झाली आहे का, हे कळवा. पुण्यात विचारते.

जनावरांचा_डॉक्टर, नगर

मध्ये बोलतो. पिंजरा की अख्खं घर, एवढे दोनच पर्याय कशाला धरायचे? घराचा एखादा भाग आडवा अडवता येतो. रांगणाऱ्या मुलासाठी जिन्याला लावतात तसलं फाटक पॅसेजच्या तोंडाशी लावा. उंची साधारण तीन फूट हवी, त्याहून कमी असेल तर तरुण ससा उडी मारून जातो. गजांमधलं अंतर बघा, डोकं गेलं की अंग जातंच. आत गवत, घमेलं, लपायला दोन तोंडांचं खोकं, धावायला एक लांब सतरंजी. पहाटे फाटक बंद, म्हणजे तो पळेलही आणि बाबांच्या पायात येणारही नाही.

कल्याणची_वहिनी

मोरी पॅसेजच्या त्याच टोकाला आहे, डॉक्टर. बाबांना तिथूनच जावं लागतं. फाटक तिथे लावलं तर तेच एक अडथळा होईल. स्वयंपाकघराच्या दारात मात्र लावता येईल, कारण पहाटे तिकडे कोणी जात नाही. खालचं सिलिंडर आणि मिक्सरची वायर हलवावी लागेल.

मधुमालतीताई, कापूस नर आहे, नसबंदी झालेली नाही. पायाभोवती गोल फिरतो आणि गुणगुणतो, ते प्रणयाराधन आहे हे मला आजच कळलं. तुम्ही पुण्यात विचारू नका, आम्ही तो देत नाही. मुलांना चालेल एक वेळ, मला चालणार नाही. डॉक्टर, कल्याण-ठाणे पट्ट्यात सशाची शस्त्रक्रिया करणारं कोणी तुमच्या ओळखीत असेल तर निरोप टाका.