मदत हवी आहे: रस्टच्या बायनरीहीपमधील मधलीच नोंद रद्द कशी करावी?

नमस्कार. चिकोडी तालुक्यातील एका साखर कारखान्याच्या यार्डासाठी मी ऊसगाड्यांचे नंबर लावणारा प्रोग्रॅम रस्टमध्ये लिहीत आहे. गाळप हंगामात वजनकाट्यापाशी ट्रॅक्टर-ट्रॉल्या, ट्रक आणि बैलगाड्यांची जी रांग लागते, तीत आधी आलेल्या गाडीपेक्षा आधी तुटलेला ऊस आधी गव्हाणीत पडावा अशी अपेक्षा आहे. कारण ऊस शिळा होऊ लागला की शेतकऱ्याच्या उसाचे वजन घटते आणि कारखान्याचा साखर उताराही.

शिळेपणा सतत वाढत असला तरी तो सर्व गाड्यांचा सारखाच वाढतो, त्यामुळे त्यांचा आपसातील क्रम बदलत नाही आणि तोडचिठ्ठीवरील वेळ पूर्णांक सेकंदांत ठेवली की भागते. बायनरीहीप (रस्टमधील तयार प्राधान्य-रांग) सर्वांत मोठे मूल्य वर ठेवतो, म्हणून नोंद रिव्हर्समध्ये (तुलना उलटी करणाऱ्या वेष्टनात) गुंडाळली आहे. समान वेळेच्या नोंदी कोणत्या क्रमाने निघतील याची हमी नसल्याने स्ट्रक्टमध्ये (नोंदीच्या रचनेत) वेळेनंतर दुसरे फील्ड आवक क्रमांकाचे ठेवले आहे. ऑर्ड (तुलनेचा नियम) डिराइव्ह केल्यावर, म्हणजे कंपायलरकडून आपोआप तयार करून घेतल्यावर, तुलना फील्डांच्या क्रमानेच होते, तेव्हा इथवर सर्व सुरळीत आहे.

अडचण पुढे आहे. ट्रॉलीचा टायर फुटून गाडी रांगेबाहेर काढली जाते, किंवा चिठ्ठीवरची वेळ कार्यालयात दुरुस्त होते, आणि तेव्हा हीपच्या पोटातील नोंद काढावी लागते. सेल (आतले मूल्य जागीच बदलू देणारा प्रकार) वापरून आतल्या आत किल्ली, म्हणजे ज्यावर क्रम ठरतो ते मूल्य, बदलणे ही तार्किक चूक ठरते, असे अधिकृत दस्तऐवजात स्पष्ट म्हटले आहे. रिटेन (अटीत बसणाऱ्या नोंदीच ठेवणारी) ही पद्धत उपलब्ध आहे, पण एका गाडीसाठी सगळा हीप चाळणे मला पटत नाही.

त्यामुळे रद्द झालेल्या आवक क्रमांकांचा हॅशसेट (झटपट शोधता येणारा संच) ठेवून, पॉप करताना (माथ्यावरील नोंद काढताना) अशा नोंदी टाकून देण्याची पद्धत मी अवलंबली आहे. मात्र यार्डातील फलक दुसऱ्या थ्रेडवरून (समांतर चालणाऱ्या भागातून) ‘पीक’ करतो, म्हणजे माथ्यावरील नोंद न काढता नुसती पाहतो. माथ्यावर रद्द नोंद असेल तर तो नको ती गाडी दाखवील, आणि ती काढायची तर केवळ वाचण्यासाठी आरडब्ल्यूलॉकचे (वाचनासाठी व लेखनासाठी वेगळे कुलूप देणाऱ्या सोयीचे) लेखन-कुलूप घ्यावे लागेल. रद्द करताना आणि पॉपनंतर लगेच माथा साफ केल्यास तेथे नेहमी वैध नोंदच राहील, असे माझे गणित आहे. तरीही फलकावर पुढील पाच गाड्या हव्या आहेत (वाहनचालकांना तयारीला तेवढा वेळ लागतोच), आणि हीपवरील इटरेटर (एकेक नोंद देणारी सोय) क्रमाने चालत नाही. दर वेळी हीपची प्रत काढून पाच वेळा पॉप करणे हे कामचलाऊ वाटते.

बीट्रीसेटमध्ये (नोंदी सतत क्रमाने ठेवणाऱ्या संचात) हे दोन्ही प्रश्न सुटतात: पहिल्या पाच नोंदी क्रमाने मिळतात आणि आवक क्रमांकावरून किल्ली सांगणारा एक हॅशमॅप (जोड्यांची यादी) सोबत ठेवला की कोणतीही नोंद लॉग एन वेळात, म्हणजे सगळ्या नोंदी न चाळता, काढता येते. रांगेत एका वेळी फार तर काही शे गाड्या असतात, म्हणून वेगाचा फरक जाणवणार नाही असा माझा कल आहे.

जाणकारांनी कृपया सांगावे: अशा वापरात बायनरीहीप सोडू नये असे एखादे ठोस कारण आहे काय? आणि सेट व मॅप ही जोडी एकमेकांशी विसंगत होऊ नये म्हणून दोन्ही एकाच स्ट्रक्टमध्ये खासगी ठेवून त्यावर एकच कुलूप लावणे पुरेसे ठरेल, की प्राधान्य बदलण्याची सोय असलेले ‘प्रायॉरिटी-क्यू’ हे क्रेट (तयार लायब्ररी) घेणे अधिक शहाणपणाचे?