दारू सोडताना मीटिंग निवडून घ्यावी, की मिळेल ती धरावी?

निशिगंधा:
दारू सोडणारे एकत्र बसून एकमेकांना आधार देतात, ती मीटिंग. दारू सोडायला निघालेल्या माणसाला सर्रास सांगितलं जातं, ‘जवळची मीटिंग गाठ आणि तिथेच बस.’ मला हे पटत नाही. पहिल्या दोन आठवड्यांत चार-पाच वेगवेगळे गट बघावेत आणि मग एक पक्का करावा. एकट्या अल्कोहोलिक्स अनॉनिमसमध्येच (एए, अशा मीटिंगा भरवणारी जगभरची संघटना) किती प्रकार आहेत! ओपन मीटिंगला कुणीही बसू शकतं, घरचेसुद्धा. क्लोज्ड मीटिंग फक्त ज्याला स्वतःचं पिणं थांबवायचं आहे त्याच्यासाठी. स्पीकर मीटिंगमध्ये एक-दोघे बोलतात, बाकीचे ऐकतात. पहिल्या दिवशी तोंड उघडायचं नसेल तर हीच बरी. स्टेप मीटिंगमध्ये बारा पायऱ्यांपैकी (आपल्याहून मोठ्या शक्तीच्या आधाराने दारू सोडण्याचा एएचा क्रम) एकेक घेऊन चर्चा होते. तिथे सातवी पायरी चालू असताना नवखा जाऊन बसला, तर त्याच्या डोक्यावरून जातं. मग ‘हे आपलं काम नव्हे’ म्हणत तो सगळ्याच गटांवर फुली मारतो. मीटिंग कुठल्या प्रकारची, हे आधी फोन करून विचारलं तर एवढं टळतं.

काठावरचा:
पूर्ण असहमत. प्रकार विचारून घ्या, त्याला हरकत नाही. पण गट बघत फिरणं हा टाळाटाळीचा सगळ्यात सभ्य मार्ग आहे. पहिल्या काही आठवड्यांत झोप लागत नाही, चिडचिड होते, समोरचा प्रत्येक जण खोटा वाटतो. त्या मनःस्थितीत कुठलाही गट नापासच होणार. मद्यपींच्या कुटुंबीयांसाठीच्या अल-अ‍ॅनॉनमध्ये नवख्यांना निदान सहा मीटिंगा बसून मग ठरवायला सांगतात, ते उगाच नाही.

दुसरं म्हणजे, खरं काम त्या तासाभराबाहेर होतं. वीस मिनिटं आधी पोचा, खुर्च्या मांडायला हात लावा, संपल्यावर लगेच पळू नका आणि दोघा-तिघांचे फोन नंबर घ्या. संध्याकाळी तलफ आली की यातलाच एक नंबर लावायचा असतो. दर वेळी नवीन खोलीत बसणारा माणूस एखाद्या दिवशी आला नाही, तर कुणाच्या लक्षातही येत नाही.

अभंग:
दोघांच्याही आधीची एक गोष्ट. रोज भरपूर पिणाऱ्याने फक्त मीटिंगच्या भरवशावर एकदम दारू बंद करू नये. शेवटच्या घोटानंतर साधारण ६ ते ४८ तासांत फिट येऊ शकते, आणि ४८ ते ९६ तासांत भ्रम, ताप, थरथर अशी जिवावर बेतणारी अवस्था येऊ शकते. पूर्वी फिट आली असेल किंवा सकाळी उठल्या उठल्या हात कापत असतील, तर आधी डॉक्टर, मग मीटिंग. दोन्ही बरोबर चालू शकतं, पण हा क्रम उलटा करू नका.

निशिगंधा:
@अभंग, शंभर टक्के मान्य.
@काठावरचा, नंबर घेण्याचा मुद्दा खरा. पण सहा वेळा कुठे बसायचं? एखाद्या गटात डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या बंद करायला सांगत असतील, तर दुसऱ्यांदाही जाऊ नये. एएची अधिकृत भूमिकासुद्धा हीच आहे की सभासदाने डॉक्टर बनू नये. नवीन आलेल्या बाईला जुना पुरुष सभासद ‘मी तुझा स्पॉन्सर (नवख्याला पायऱ्यांमधून नेणारा अनुभवी सभासद) होतो’ म्हणाला, तर तिने तिथून उठावं. स्पॉन्सर शक्यतो त्याच लिंगाचा असावा, ही रीत याचसाठी पडली आहे. नवख्याला बोलायचा आग्रह होणं, ठरावीक फी मागणं हीसुद्धा बाहेर पडण्याचीच लक्षणं. एएला फी नाही. टोपली फिरते, तीत टाकायची सक्ती नसते.

काठावरचा:
ही लक्षणं पहिल्याच दिवशी दिसली तर उठा, वाद नाही. पण ‘लोक माझ्यासारखे नाहीत’, ‘प्रार्थना होते’ ही कारणं त्या यादीत नकोत. देव न मानणारेही बारा पायऱ्यांच्या गटात टिकतात, गटालाच आपल्याहून मोठी शक्ती मानून.

वाटसरू:
टिकतात, पण सगळे नाही. न टिकणाऱ्याला हट्टी ठरवणं अन्यायाचं आहे. १९९४ मध्ये सुरू झालेली स्मार्ट रिकव्हरी अशांसाठीच आहे. तिथे पायऱ्या नाहीत, स्पॉन्सर नाही. मीटिंग चालवणारा प्रशिक्षित माणूस असतो आणि एकमेकांच्या बोलण्यावर थेट चर्चा चालते. एएच्या बऱ्याच गटांत दुसऱ्याने सांगितलेल्या अनुभवावर (शेअरिंगवर) बोलायचं नसतं. ज्याला प्रश्न विचारल्याशिवाय पटत नाही, तो या एका फरकापायीच गळतो. ऑनलाइन मीटिंगाही भरपूर असतात.

काठावरचा:
२०२० चा कॉक्रेन आढावा (वैद्यकीय अभ्यास एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेचा) बघा. २७ अभ्यास, १०,५६५ माणसं. एएशी जोडून देणाऱ्या पद्धतशीर उपचारांनी, इतर उपचारांच्या तुलनेत, सलग दारूमुक्त राहणारे जास्त निघाले.

वाटसरू:
त्यात तपासले ते माणसाला एएकडे नेणारे उपचार. समुपदेशक मीटिंगांबद्दल बोलतो, जायला लावतो, पाठपुरावा करतो. नुसता पत्ता हातात देणं म्हणजे तो उपचार नव्हे. त्यामुळे ‘मिळेल ती धरा’ हे त्या आढाव्यातून निघत नाही.

निशिगंधा:
मग ठोस असं करता येईल. पहिल्या आठवड्यात तीन वेगळ्या मीटिंगा, त्यातली निदान एक नवख्यांसाठीची. जिथे कुणी आपणहून विचारपूस केली आणि नंबर दिला, तो गट धरून पुढच्या सहा मीटिंगा तिथेच. बाकीच्या दिवशी इतरत्र बसायला हरकत नाही.

काठावरचा:
तीन चालतील. चौथी शोधायला निघाला, तर त्या संध्याकाळी त्याच्याबरोबर कुणीतरी हवं.