मदत हवी आहे: अँजिओप्लास्टीनंतर बाबांनी किती जोरात चालायचं?

बाबांच्या हृदयाच्या रक्तवाहिनीत एक स्टेंट (ती उघडी ठेवणारी बारीक जाळीची नळी) टाकलाय, डॉक्टर म्हणाले झेपेल तेवढं चाला, पण ते रंकाळ्यावर अगदी रमतगमत चालतात, कुणी ओळखीचं दिसलं की गप्पा मारत उभे. स्टेंटने एकाच जागचा अडथळा निघतो ना, पण नियमित एरोबिक (भरभर चालण्यासारख्या) व्यायामाने रक्तप्रवाह वाढून रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तरातून नायट्रिक ऑक्साइड जास्त सुटतं आणि त्या नीट सैलावतात, म्हणून वाटतं वेग थोडा तरी वाढवावा. पण मेटोप्रोलॉल (हृदयाचे ठोके मंद ठेवणारी गोळी) चालूय त्यामुळे नाडी फारशी चढतच नाही, मग घड्याळातल्या आकड्यावर काय भरवसा ठेवायचा? बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही एवढाच दम लागू द्यायचा का? कोल्हापूरकडे कुणी कार्डिअ‍ॅक रिहॅब (हृदयरुग्णांसाठी देखरेखीखाली व्यायामाचा कार्यक्रम) केलंय का, ट्रेडमिल टेस्ट घेऊन वेग ठरवून देतात का? प्लीज सांगा, खूप काळजी वाटतेय.