रिपोर्ट येईपर्यंतचे दिवस
४२ व्या वर्षी पीएसए (प्रोस्टेट ग्रंथीसाठीची रक्ततपासणी, वाढला की कॅन्सरची शंका घेतात) ६ म्हणजे वाढलेला आला, प्रोस्टेटची बायोप्सी (तुकडा काढून तपासणी) झाली आणि आता झोप उडालीय म्हणताय, अगदी सेम मी होतो, वय ४४. इथे नाशकात यूरॉलॉजिस्टच्या वेटिंगमध्ये सगळे आजोबा, एकाने तर विचारलं वडिलांना आणलंस का रे! पीएसए नुसत्या इन्फेक्शननेही वाढतो, लांब सायकल मारली तरी वाढू शकतो (मी टेस्टच्या आदल्याच दिवशी सायकलवर त्र्यंबकला जाऊन आलेलो, डॉक्टरांना सांगायचंच राहिलं). माझं प्रोस्टेटायटिस (प्रोस्टेटला सूज, कॅन्सर नाही) निघालं, तुमचं काय ते मी कसं सांगू, पण रात्रीचं गुगल बंद करा. मी पहाटे सोमेश्वरपर्यंत चालत सुटायचो. बायकोला चौथ्या दिवशी सांगितलं, उगाच थांबलो. आणि हो, वीर्यात रक्त दिसलं तर घाबरू नका, बायोप्सीनंतर काही आठवडे दिसतं, थंडी-ताप आला तर मात्र लगेच डॉक्टरांना गाठा.